नऊ नंबरची जर्सी

४ मे २०२४ च्या रात्री नाशिकमधील आमच्या घराच्या दिवाणखान्यात बारा-तेरा माणसे दाटीवाटीने बसली होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना चालू होता. मोहन बागानने पहिला गोल केला तेव्हा घर सुन्न झाले, आणि त्यानंतर मुंबई सिटीने तीन गोल करून करंडक जिंकला तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका काय झाले म्हणून वर बघायला आले. पेढ्यांचा डबा फिरत असतानाच माझ्या भाच्याने, जो त्या वेळी अकरावीत होता आणि स्वतः आघाडीला खेळतो, एक प्रश्न विचारला. “मामा, तीनपैकी एक गोल अर्जेंटिनाच्या परेरा दियाझचा, एक स्लोव्हाकियाच्या व्होइतुशचा. बिपिन सिंग तेवढा भारतीय, आणि तो मणिपूरचा. मग आपण नक्की कोणाचा विजय साजरा करतोय?”

त्याला उत्तर दिले ते आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ सरांनी. सर तरुणपणी देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या जवानांच्या संघांविरुद्ध अनवाणी खेळलेले आहेत, आणि फुटबॉलविषयी ते बोलू लागले की आम्ही सगळे गप्प बसतो. “करंडक कोणाच्या हातात आहे ते बघ,” ते म्हणाले. “राहुल भेके. मुंबईत वाढलेला पोरगा कर्णधार आहे. अजून काय पाहिजे तुला?” भाच्याचे समाधान झाले नाही. पुढचा तासभर परदेशी खेळाडूंची भरती विरुद्ध स्थानिक खेळाडूंची जडणघडण या विषयावर जो वाद झाला, तो त्या रात्री मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला क्लबने कोणाला करारबद्ध केले याची यादी आली की तो नव्याने पेटतो. या दोन वर्षांत माझे स्वतःचे मत बरेच बदलले. ते कसे बदलले, हे एकदा नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवातीला मी सरांच्या बाजूचा होतो, आणि त्याला कारण होते. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाली तेव्हा मैदानावरील अकरा जणांत किमान पाच भारतीय असावेत एवढीच अट होती, म्हणजे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी खेळू शकत. देल पिएरो दिल्लीकडून, त्रेझेगे पुण्याकडून, तर अनेल्का आणि ल्युंगबर्ग मुंबईकडून उतरले. यातील बहुतेकांची उमेदीची वर्षे मागे पडलेली होती, तरीही त्यांच्यामुळे आमच्यासारख्या कित्येकांनी भारतीय क्लबचा सामना पहिल्यांदा टीव्हीवर मन लावून पाहिला, हे मी नाकारणार नाही. पुढे २०१७-१८ च्या हंगामात परदेशी खेळाडूंची मैदानावरील संख्या पाचवर आली आणि २०२१-२२ पासून ती चारवर आली. म्हणजे आज मैदानावर किमान सात भारतीय असतातच. नियमाने भारतीय खेळाडूला जागा मिळवून दिली आहे, मग तक्रार कशाची, असे मी भाच्याला विचारत असे.

शिवाय परदेशी खेळाडूकडून आपल्या खेळाडूंना काय मिळते, हे मुंबई सिटीच्या सामन्यांत डोळ्यांनी दिसत होते. मोरोक्कोचा अहमद जाहू मधल्या फळीत उभा राहून ज्या शांतपणे चेंडू वाटायचा, तो खेळ पाहणे हेच एक शिक्षण होते, आणि त्याच्याशेजारी दोन हंगाम खेळलेला मिझोरामचा अपुइया पुढे भारतीय संघाच्या मध्यफळीचा आधार झाला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. त्या सामन्यातील विजयी गोल जाहूच्या कॉर्नरवर भेकेने डोक्याने केला होता. मोरोक्कोच्या माणसाने चेंडू उचलून द्यावा आणि मुंबईच्या मुलाने तो जाळ्यात घालावा, हे चित्र मला इतके आवडले होते की परदेशी आणि स्थानिक हा वादच मला त्यापुढे निरर्थक वाटे.

माझे मत पहिल्यांदा हलले ते भाच्याने एके दिवशी वहीत लिहून आणलेल्या यादीमुळे. त्याने लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करून गोल्डन बूट मिळवणाऱ्या खेळाडूंची नावे क्रमाने लिहिली होती. २०१४ चा ब्राझीलचा एलानो, त्यानंतर मेंडोझा, मार्सेलिन्यो, सलग दोनदा कोरो, व्हाल्स्किस, अंगुलो, ओग्बेचे, दिएगो मॉरिसिओ, डायमांटाकोस, आणि २०२४-२५ मध्ये तब्बल २३ गोल करणारा नॉर्थईस्ट युनायटेड क्लबचा मोरोक्कन अलाएद्दिन अजराई. अकरा हंगाम झाले आणि एकही भारतीय नाव नाही. यादीच्या खाली त्याने फक्त एक ओळ लिहिली होती: “मी नऊ नंबर खेळतो.”

नऊ नंबर म्हणजे मधला आघाडीपटू, गोल करणारा. त्या एका ओळीने मला जे समजले ते आकड्यांच्या नियमांनी समजले नव्हते. मैदानावर सात भारतीय असावेत असे नियम सांगतो, पण ते कोणत्या जागी असावेत हे सांगत नाही. क्लबाला निकाल लगेच हवा असतो, गोल करणारा माणूस सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि म्हणून चार परदेशी जागांपैकी पहिली जागा जवळजवळ प्रत्येक संघात मधल्या आघाडीपटूला जाते. दुसरी बहुधा मधल्या बचावपटूला, तिसरी मध्यफळीच्या सूत्रधाराला. संघाचा जो कणा असतो तो बाहेरून येतो आणि भारतीय खेळाडू बगलांवर उरतात. बिपिन, छांगते, विक्रम प्रताप हे तिघेही त्या वेळच्या मुंबई सिटीचे उत्तम खेळाडू, आणि तिघेही प्रामुख्याने बगलेवरून खेळणारे. मोहन बागानचा मनवीर सिंग उंचापुरा, हेडर चांगला असलेला, पण क्लबकडून तो बहुतेक वेळा उजव्या बगलेवरच दिसतो. गोलपेटीत पाठीमागे बचावपटू रेटत असताना चेंडू ताब्यात घेणे, अर्ध्या पावलाने ऑफसाइड टाळणे, तिसरी संधी वाया गेल्यावरही चौथ्या संधीसाठी त्याच जागी पुन्हा धावत जाणे, या गोष्टी सरावात शिकता येत नाहीत. त्या नव्वद मिनिटांच्या सामन्यात, चुका करत, आणि चुकल्यानंतरही पुढच्या सामन्यात संधी मिळत राहिली तरच अंगी येतात.

परिणाम राष्ट्रीय संघात दिसला. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कुवेतविरुद्ध शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून निरोप घेतला तेव्हा आम्ही सगळे भावुक झालो होतो. दहा महिनेही झाले नाहीत तोच, मार्च २०२५ मध्ये, गोल करायला कोणी नाही म्हणून वयाच्या चाळिशीत त्याला परत बोलवावे लागले, आणि परतल्यावर पहिल्याच सामन्यात मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्याच हंगामात लीगमधील भारतीय खेळाडूंत सर्वाधिक, म्हणजे १४ गोल त्याचेच होते. छेत्रीविषयी मला अपार आदर आहे, पण एवढ्या मोठ्या देशात चाळीस वर्षांच्या माणसाला पर्याय नसावा, याचे मला फार वाईट वाटले. या एका बाबतीत भाच्याचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे, असे मी तेव्हा सरांसमोर कबूल केले.

सरांनी मात्र वेगळाच प्रश्न काढला, आणि तो सोडवणे अजून अवघड आहे. स्थानिक म्हणजे कोण? “तू मणिपूरच्या बिपिनला परका म्हणालास,” ते भाच्याला म्हणाले, “मग ऐझॉलचे काय करशील?” २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीने आय-लीग, म्हणजे त्या वेळची राष्ट्रीय विजेतेपदाची लीग, जिंकली तेव्हा छोट्या गावाच्या मुलांनी मोठ्या क्लबांना हरवले अशी ती कथा सर्वत्र सांगितली गेली, आणि ती खरीही आहे. त्या संघात मिझोरामची मुले बहुसंख्य होती. पण त्यांचे प्रशिक्षक खालिद जमील मुंबईच्या फुटबॉलमधून गेलेले होते, मध्यफळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जरयान होते, आणि जयेश राणे व आशुतोष मेहता हे मुंबईचे खेळाडूही होते. म्हणजे ऐझॉलच्या प्रेक्षकांसाठी परगावचा खेळाडू कोण, तर आपला राणे! त्याला तिथे कोणी परका म्हणून वागवले असते तर आपल्याला काय वाटले असते?

अथलेटिक बिल्बाओचे उदाहरण या वादात कोणी ना कोणी आणतेच. स्पेनमधला हा क्लब शंभराहून अधिक वर्षे केवळ बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तिथे घडलेल्या खेळाडूंना घेतो, तरीही रियल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याखेरीज स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून कधीही न घसरलेला तो एकमेव क्लब आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी चाळीस वर्षांनंतर कोपा देल रे जिंकला. या उदाहरणातून लोक निष्ठेचा बोध घेतात. मला त्यातील व्यवस्था अधिक महत्त्वाची वाटते. लेझामा येथील त्यांची अकादमी १९७१ पासून चालू आहे आणि त्या छोट्याशा प्रदेशात गावोगावी क्लब आहेत, म्हणून त्यांना बाहेर बघण्याची गरज पडत नाही. आणि त्यांचे आजचे सर्वांत लाडके खेळाडू कोण, तर इन्याकी आणि निको विल्यम्स, ज्यांचे आईवडील घानाहून वाळवंट तुडवत स्पेनमध्ये आले. तिथे खेळाडू मातीत घडला की तो तिथला होतो. मला ही व्याख्या मान्य आहे, आणि सरांनाही ती मान्य झाली.

मग आपल्या मातीत कोण घडतो? इथे मला फार वाईट वाटते, कारण महाराष्ट्राने या बाबतीत हातात आलेले सगळे गमावले आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब काही वर्षांच्या अंतराने आले आणि गेले. शेवटचा २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. पुणे एफसीच्या अकादमीत केरळचा आशिक कुरुनियन शिकला आणि पुढे भारतीय संघात पोहोचला, म्हणजे घडवण्याचे काम तिथे होत होते आणि चांगले होत होते. क्लब बंद झाला की परदेशी आघाडीपटूला दुसरा करार मिळतो. चौदा वर्षांच्या मुलाला दुसरी अकादमी मिळत नाही. कोल्हापूरला मात्र तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले, शाहू स्टेडियम भरत राहिले, आणि तिथूनच अनिकेत जाधवसारखा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोहोचला. पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्याला जे लोक जमतात, ते कोणत्या मालकाच्या पैशावर अवलंबून नाहीत.

नाशिकची स्थिती मी रोज पाहतो. आमच्याकडे मैदाने आहेत, पण बहुतेकांच्या मध्यभागी क्रिकेटची खेळपट्टी आहे, आणि तिच्यावर पाऊल पडू नये म्हणून मुले कडेच्या पट्टीत फुटबॉल खेळतात. तरीही खरी अडचण मैदानाची नाही. खरी अडचण सामन्यांची आहे, आणि ती समजायला साधे गणित पुरते. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. सोळा संघ असतील तर एकूण पंधरा सामने होतात, आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. हेच सोळा संघ एकेरी साखळीत खेळले तर एकशेवीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला पंधरा सामने मिळतात. माझ्या भाच्याच्या शाळेचा संघ एका वर्षी पावसात, चिखलात, पेनल्टी शूटआऊटवर पहिल्याच फेरीत हरला, आणि त्या मुलांचा त्या वर्षीचा स्पर्धात्मक फुटबॉल तिथेच संपला. अकरा महिने सराव, एक सामना. ज्या वयात युरोपातील अकादमीतला मुलगा हंगामात तीस-तीस सामने खेळतो, त्या वयात आमचा मुलगा दोन-तीन सामने खेळतो. तो अठराव्या वर्षी कमी पडला तर त्यात परदेशी खेळाडूचा काय दोष?

त्यानंतर भाचा एका निवड चाचणीसाठी मुंबईला गेला. पहाटेची गाडी पकडून आम्ही दोघे गेलो होतो. कित्येक शहरांतून आलेली मुले रांगेत उभी होती, छातीवर कागदी क्रमांक लावलेले. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या अकरा मुलांचा एक संघ करून प्रत्येकाला वीस मिनिटे दिली गेली. त्या वीस मिनिटांत आघाडीला उभ्या असलेल्या मुलापर्यंत चेंडू चार वेळा आला. संध्याकाळी नावांची यादी वाचून दाखवली आणि ज्यांची नावे नव्हती त्यांना कोणी काही सांगितले नाही. काय चुकले, काय सुधारायला हवे, पुन्हा कधी यावे, काहीच नाही. कसाऱ्याच्या घाटात गाडी चढत असताना तो खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. तो त्या दिवशी निवडला जावा इतका चांगला होता, असा माझा दावा नाही. पण वीस मिनिटांत ते कोणालाही कळले नसते, आणि नाशिकमध्ये त्याचे वीस सामने झाले असते तर ते एखाद्याने येऊन पाहता आले असते.

नाशिक खेळाडू घडवू शकते का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी कविता राऊतचे नाव घेतो. सावरपाड्याची ही मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. तिला घडवणारे विजेंद्र सिंग साईचे (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे) प्रशिक्षक म्हणून नाशिकला आले होते. ते कुठले, असे इथे कोणी विचारले नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातील मुलांच्या पायांत काय आहे हे त्यांनी ओळखले आणि वर्षानुवर्षे रोज मैदानावर उभे राहिले. फुटबॉलला असा माणूस हवा आहे, तो स्पेनचा असला तरी मला चालेल. संघात एक परदेशी खेळाडू कमी घ्या आणि त्याच्या पैशातून जिल्ह्याजिल्ह्यांत असे प्रशिक्षक पाठवा, ही माझी मागणी आहे.

आणखी एक बाब फार थोड्या पालकांना आणि शाळांना ठाऊक असते. फिफाच्या नियमानुसार एखादा खेळाडू करार चालू असताना एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर हस्तांतरणाच्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. पण त्यासाठी तो मुलगा त्या काळात त्या क्लबकडे अधिकृतपणे नोंदलेला असावा लागतो. आमच्याकडची मुले एका शाळेकडून खेळतात, दुसऱ्या सरांकडे सराव करतात, आणि त्यातले कागदावर काहीच नसते. उद्या यातला कोणी खरोखर मोठा झाला तर नाशिकमधल्या एकाही क्लबाला त्याने सहा वर्षे आपल्याकडे घालवली हे सिद्ध करता येणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीमधून बाहेर पडला. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के हिस्सा घेतला होता, आणि त्यांच्या काळात क्लबने दोनदा करंडक आणि दोनदा लीग शील्ड (साखळीत पहिल्या आलेल्या संघाचे पारितोषिक) जिंकले. ते गेले तेव्हा भाचा मला म्हणाला, “मामा, ते आपल्याकडे काय ठेवून गेले?” ट्रॉफी ठेवून गेले, असे मी म्हणालो, आणि ते उत्तर मलाच अपुरे वाटले. भेकेसुद्धा २०२४ च्या त्या रात्रीनंतर बेंगळुरूला परत गेला होता. मुंबईपासून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर असलेल्या नाशिकमध्ये त्या सहा वर्षांत नियमित चालणारी एक जरी साखळी स्पर्धा उभी राहिली असती, तरी मी त्यांचे आयुष्यभर आभार मानले असते.

सरांनी, मी आणि आणखी चार-पाच पालकांनी मिळून येत्या नोव्हेंबरपासून सोळा वर्षांखालील मुलांची साखळी सुरू करायचे ठरवले आहे. आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे छप्पन्न सामने. मैदान फक्त रविवारी मिळते, एका रविवारी चार सामने होतात, त्यामुळे चौदा रविवार लागतील आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ती संपेल. चार संघांनी होकार दिला आहे, दोन शाळा परीक्षांच्या वेळापत्रकामुळे विचार करत आहेत, आणि दोन संघ अजून हवे आहेत. प्रत्येक मुलाची नोंदणी करूनच त्याला उतरवायचे, यावर सर ठाम आहेत. भाचा आता कॉलेजात आहे, वयात बसत नाही, म्हणून वेळापत्रक आणि नोंदवही त्याने स्वतःकडे घेतली आहे. त्या वहीत गोल, कार्ड आणि बदली खेळाडूंच्या रकान्यांशेजारी त्याने एक रकाना जास्तीचा आखला आहे: नऊ नंबर कोण खेळला, आणि किती मिनिटे.